पैशाबद्दल सांगणाऱ्याची जबाबदारी : सुप्याच्या दंग्यापासून मोबाइलपर्यंत

(नातेपुते येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझा विषय तत्त्वज्ञान. त्याचा पैशाशी काही संबंध नाही, असं निदान माझ्या घरात तरी सर्वमान्य आहे. तरीही आज मी पैशाच्या शिक्षणावर बोलायला उभा आहे. पैसे कुठे गुंतवावेत हे मी सांगणार नाही, मला ते येत नाही. मला बोलायचं आहे ते पैशाबद्दल इतरांना सांगणाऱ्यांवर. लेख लिहिणारे, व्हिडिओ करणारे, क्लास घेणारे, आणि ते छापणारे किंवा नेटवर टाकणारे. त्यांनी कोणते नियम पाळायला हवेत?

मध्यंतरी इथल्याच एका तरुणाने मला विचारलं, "सर, सकाळपासून मोबाइलवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. एक म्हणतो एसआयपी कर, दुसरा म्हणतो ऑप्शन शिक, तिसरा म्हणतो सोनं घे. सगळेच शिकवतोय असं म्हणतात. कुणाचं ऐकायचं?" प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्या भागात तो दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. त्याचं एक उत्तर कायद्याच्या रूपाने दिलं गेलं, आणि ते ज्या मोजक्या जिल्ह्यांना लागू झालं त्यात आपलाही मुलूख होता. तो इतिहास आधी पाहू.

लक्ष्मीज्ञान

पैशाबद्दल मराठीत छापून शिकवण्याची सुरुवात बरीच जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, यांची शतपत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली हे आपण शाळेत शिकलो. त्याच काळात, १८४९ साली, त्यांनी 'लक्ष्मीज्ञान' नावाचं पुस्तक काढलं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. एका इंग्रजी अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या आधाराने केलेली ती मराठी मांडणी होती. पुढे १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अर्थशास्त्र परिभाषा' आलं.

या माणसांची एक गोष्ट ध्यानात घ्या. संपत्ती कशी निर्माण होते हे समजावण्यात त्यांचा स्वतःचा पैशाचा हितसंबंध नव्हता. लोकहितवादी सरकारी नोकर होते, न्यायखात्यात होते. पुस्तक वाचून कुणी कुठे पैसे टाकले तर त्यांना कमिशन मिळणार नव्हतं. वाचकाला ते वेगळं सांगावंही लागत नव्हतं, उघड दिसत होतं.

पण या पुस्तकांची एक मर्यादाही होती. ती देशाच्या संपत्तीबद्दल बोलत. सावकाराच्या ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्यापुढे जो कागद सरकवला जातो, त्यात काय लिहिलंय, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. आणि त्याला वाचताच येत नसेल तर पुस्तक कितीही चांगलं असून त्याच्या काय कामाचं?

कापूस, शेअर आणि पत

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे रिक्लेमेशन ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले जात होते, आणि घेणाऱ्यांतल्या फार थोड्यांना आपण नक्की काय घेतलंय हे सांगता आलं असतं. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते, त्या दिवशी अनेकांचं दिवाळं निघालं. शेअरच्या तारणावर कर्जं वाटणारी बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. दिनशा वाच्छांनी त्या काळावर १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एक शहर महिनोन्‌महिने शहाणपण कसं विसरतं, हे त्यातून कळतं.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या शेठजींचं आम्हाला काय? तर त्या तेजीची लाट दख्खनपर्यंत आली होती. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली होती. भाव वाढले, रेल्वेच्या आणि सरकारी कामांवर मजुरी मिळू लागली, तशी शेतकऱ्याची पत वाढली. पत वाढली म्हणजे सावकार सढळ हाताने देऊ लागला. पुढे भाव उतरले, त्यात जमिनीच्या फेरमोजणीनंतर अनेक तालुक्यांत सारा वाढला. कर्ज मात्र तिथेच राहिलं. नुसतं राहिलं नाही, वाढत गेलं.

कागदावरचा नांगर

कसं वाढत गेलं, ते हिशेबाने पाहू.

तेव्हा व्याज सांगायची पद्धत दरमहा शेकड्याची. समजा कुणी १०० रुपये घेतले, दरमहा शेकडा २ ने. वर्षाचे झाले २४. आता १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणं भाग होतं. हेतू चांगला होता, जुने दावे उकरले जाऊ नयेत. पण झालं असं, की मुदत संपत आली की सावकार म्हणे, "नवा रोखा करून दे, नाहीतर फिर्याद करतो." तीन वर्षांचं ७२ रुपये व्याज मुद्दलात मिळवून १७२ चा नवा रोखा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे २९६ चा. नऊ वर्षं भरली की ५०९ च्या घरात. मधल्या काळात त्याने एक पैसाही नव्याने घेतलेला नाही. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबायचं. त्या हिशेबाने १०० चे फार तर २०० व्हायला हवे होते. पण दर वेळी रोखा नवा, म्हणून मुद्दलही नवं. कागदावर नियम मोडलाच नाही!

हा रोखा मोडीत लिहिलेला. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. सहीच्या जागी तो नांगराचं चित्र काढायचा, 'निशाणी नांगर'. आकडा किती घातला, मुदत काय, गहाण काय, हे सगळं तो लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा. आणि लिहिणारा बहुतेक सावकाराचाच माणूस. माहिती देणारा आणि त्या माहितीतून फायदा होणारा एकच. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना ज्या अज्ञानावर बोट ठेवलं, त्याचा अनुभव शेतकऱ्याला या ओट्यावर रोज येत होता.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या, सुप्याच्या बाजारात लोकांचा उद्रेक झाला. मग तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. या दंग्याचं एक वैशिष्ट्य चौकशी आयोगानेही नोंदवलं. लोकांना हवे होते ते कागद. रोखे, हुकूमनामे. सावकाराने कागद निमूट हवाली केले, तर बहुतेक ठिकाणी त्याला फारसा उपद्रव झाला नाही. लोकांनी कागद जाळले. ज्या कागदावर आपल्या आयुष्याचा निकाल लिहिलाय आणि जो आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाचा तो राग होता.

१८७९ च्या चार गोष्टी

त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपला माळशिरस तालुका आधी साताऱ्याकडे होता, मग सोलापूरकडे आला. दोन्हीकडून आपण त्या कायद्यात होतो.

कायदा मोठा आहे. त्यातल्या चार तरतुदींकडे मी आज तुमचं लक्ष वेधतो. मला त्या कर्जाच्या कायद्यापेक्षा चांगल्या संपादनाचे नियम वाटतात.

पहिली : शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचा, आणि तो निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा. म्हणजे ज्याचा फायदा आहे, त्याच्या हातून लेखणी काढून घेतली.

दुसरी : लिहून झालं की तो दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सही किंवा निशाणी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या कानावर प्रत्येक शब्द पडला पाहिजे.

तिसरी : मोबदला पुरता लिहायचा. किती पैसे, कशाबद्दल, आणि ते निबंधकासमोर दिले गेले की नाही, याचीही नोंद. जुन्या व्याजाचं नवं मुद्दल झालं असेल तर ते लपता कामा नये.

चौथी : पावती. पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा हक्क, वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क, हिशेबाची वही स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क. आज बँकेचं पासबुक आपण सहज खिशात टाकतो. तो हक्क शेतकऱ्याला कायद्यात लिहून द्यावा लागला होता.

शिवाय प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीशाने हातातल्या कागदावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा, असंही कलम होतं. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. कोर्टांची कामं तपासत ते या जिल्ह्यांतून हिंडले आहेत.

नियम होता, तरी

आता दुसरी बाजू. हा कायदा यशस्वी झाला, असं मी म्हणालो तर ती तुमची दिशाभूल होईल.

पळवाट लवकरच निघाली. गहाणखतात एवढी चौकशी होते ना, मग सरळ खरेदीखतच करा. कागदावर जमीन विकली, आणि तोंडी वचन, "पैसे फेडलेस की परत देतो." दस्त निबंधकासमोर झाला, वाचूनही दाखवला, त्यातला शब्द न्‌ शब्द कायदेशीर. फक्त खरा व्यवहार कागदाबाहेर राहिला. १८९१-९२ च्या सरकारी चौकशीत हे पुढे आलं, आणि नंतर कायद्यात दुरुस्ती करून, खरेदी म्हटलेला व्यवहार मुळात गहाण होता का हे पाहण्याची मुभा कोर्टाला द्यावी लागली.

दुसरं, वाचून दाखवण्याचा विधी झाला की अर्थ पोचतोच असं नाही. माणूस गरजेपोटी आलेला असतो. लग्न तोंडावर असतं, बैल मेलेला असतो. त्याचं अर्धं लक्ष रकमेकडे. तो मान हलवतो. मान हलवली म्हणजे कळलं, असं आपण मास्तर लोकही धरून चालतो. चाळीस वर्षं वर्गात शिकवल्यावर त्याबद्दल मला फार खात्रीने बोलता येतं!

आणि तिसरं रानड्यांनीच ओळखलं होतं. नुसत्या बंदीने भागत नाही, पतपुरवठ्याची दुसरी रचना हवी. ती पुढे १९०४ च्या सहकारी कायद्याने सुरू झाली. आपल्या तालुक्यालाही 'शेअर' हा शब्द मोबाइलने शिकवलेला नाही. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, सासवडकडची माळी मंडळी इकडे ऊस लावायला आली आणि १९३० च्या दशकात त्यांनी माळीनगरला स्वतःच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला. त्या भागधारकाला आपला भाग कशाचा, हे विचारावं लागत नव्हतं. धुराडं समोर दिसत होतं, आणि हिशेब विचारायचा तर माणूस ओळखीचा होता.

माझा एक लेख

इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. मला ते सांगायला आवडत नाही, पण न सांगता पुढचं बोलायचा अधिकार मला नाही.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. नाव घेत नाही. मी 'बचतीचे संस्कार' अशा धर्तीचा लेख दिला. काटकसर, संयम, उद्याचा विचार, थोडा एपिक्युरस, थोडे आपले संत. आज पुन्हा काढून वाचला, तर त्यात एकही वाक्य खोटं नाही. तो छापला गेला तो 'दामदुप्पट ठेव योजना' या पानभर जाहिरातीच्या शेजारी. गंमत बघा, जो नियम सावकाराला आवर घालायला होता, त्याचं नाव आता ठेवीदाराला बोलवायला वापरतात. मला शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळालं. ते मी घेतलं.

आमच्या कॉलेजात शिपाई म्हणून आयुष्य काढलेले एक गृहस्थ त्याच सुमारास निवृत्त झाले. फंडाचे पैसे त्यांनी त्या संस्थेत ठेवले. पुढे संस्थेची कर्जं थकली, ठेवी परत मिळेनात, प्रशासक आला. त्यांना काही रक्कम मिळाली, बरीचशी नाही. एकदा एसटी स्टँडवर भेटले. तक्रारीचा सूर नव्हता. सहज म्हणाले, "सर, तुमचा लेख आला होता ना त्यांच्या पुस्तकात, म्हणून म्हटलं संस्था चांगली असणार."

मी त्या संस्थेबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरीही त्यांच्यासाठी माझा लेख म्हणजे जामीनकी होती. आणि जे एक वाक्य मी लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही : बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मला ते माहीत होतं का? खरं सांगतो, नव्हतं. शोधलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. बचतीवर लिहायला निघालेल्या माणसाने ते शोधायला नको होतं का?

आप्त कोण?

आमच्या शास्त्रात या प्रश्नाची चर्चा आहे. न्यायदर्शन शब्द हे प्रमाण मानतं, पण कुणाचाही शब्द नाही, आप्ताचा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. शास्त्रात तसं नाही. वात्स्यायनाच्या भाष्याचा आशय थोडक्यात असा : ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे कुळ, पद, पदवी यांवरून कुणी आप्त ठरत नाही.

या दोन कसोट्या माझ्या लेखाला लावा. मी त्या संस्थेचा ताळेबंद पाहिला होता का? नाही. मी बोललो तो वाचकाला कळावं म्हणून, की अध्यक्षांचा शब्द मोडवेना म्हणून? उत्तर तुम्हाला कळलं. डॉक्टरेट होती, आप्तत्व नव्हतं. आणि पैशाच्या बाबतीत आपला सगळा घोटाळा होतो तो या दोन अर्थांच्या गल्लतीत. ओळखीचा, गावचा, भावकीतला, मोठ्या नावाचा किंवा रोज मोबाइलवर दिसणारा माणूस, तो आप्त वाटतो. साखळी योजना गावात येते ती मेहुण्याच्या हातूनच.

आजचा ओटा

आता मोबाइलकडे येऊ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्स विभागात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. यातले सगळे काही क्लास करून आले नव्हते. पण 'महिन्याला इतके कमवा' हे दाखवणाऱ्या शिकवणीत हा ९३ चा आकडा पहिल्या धड्यात असतो का, हे तुम्हीच पाहा.

नियम आले आहेत. गुंतवणूक सल्लागाराने सेबीकडे नोंदणी करावी, हा नियम २०१३ पासूनचा. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहिरातींच्या मानक परिषदेने, आस्कीने, सांगितलं की समाजमाध्यमांवर गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवावा. २०२४ मध्ये सेबीने आपल्या अखत्यारीतल्या दलालांना आणि संस्थांना, नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्यांशी किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. आणि २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात एक स्पष्टीकरण दिलं, ते मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं. निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून बोलू नये.

का बरं? कारण शिक्षण आणि सल्ला यांतला फरक शब्दांवरून ओळखता येत नाही. 'हा शिक्षणाचा भाग आहे, सल्ला नाही' असं खाली लिहून वर आजचाच शेअर दाखवता येतो. १८८० च्या दशकातल्या खरेदीखतासारखंच हे, कागद एक सांगतो आणि व्यवहार दुसराच. जुन्या भावावर मात्र फक्त शिकता येतं, त्यावर आज सौदा करता येत नाही. सेबीने इतिहासाच्या शिक्षकाची पद्धत घेतली, असं मी गमतीने म्हणतो. माझी स्वतःची खूण याहून साधी आहे : जे ऐकल्यावर पुढचा हिशेब माझा मला करता येतो ते शिक्षण. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यालाच विचारावं लागतं तो सल्ला, मग त्याला नाव काहीही द्या.

आणि वाचून दाखवण्याचा विधी आजही आहे. टीव्हीवर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी जोखमीची सूचना किती वेगाने म्हणतात, ऐकलंय ना? घरातली लहान मुलं तिची नक्कल करतात. सूचना पाठ झाली आहे. जोखीम म्हणजे काय, हे त्यातल्या किती जणांना विचारलं तर सांगता येईल?

मग नियम काय?

आपल्यापैकी काही तरुण स्वतः लिहितात, मराठीतून व्हिडिओ करतात. त्यांनी ते करावंच. मराठीत पैशाबद्दल स्वच्छ बोलणारी माणसं हवीत, नाहीतर ती जागा दुसरा कुणीतरी भरतो. फक्त १८७९ च्या त्या चार गोष्टी आणि आजची एक, अशा पाच समोर ठेवा.

एक, लेखणी कुणाच्या हातात आहे ते आधी सांगा. या विषयातून तुम्हाला कमिशन, फी, जाहिरात, किंवा माझ्यासारखं पाकीट मिळत असेल, तर ते पहिल्या काही ओळींत यावं. शेवटी बारीक अक्षरात नको. आणि आपला मजकूर कुठल्या जाहिरातीशेजारी जाणार आहे, ते छापण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दोन, मोबदला पुरता लिहा. परतावा सांगितला तर खर्च सांगा, कर सांगा, पैसे किती काळ अडकतील ते सांगा, आणि सर्वांत वाईट काय होऊ शकतं तेही. ज्यांचं साधलं त्यांची गोष्ट सांगितली, तर ज्यांचं बुडालं त्यांचीही संख्या द्या.

तीन, वाचून दाखवा. प्रसिद्ध करण्यापूर्वी अशा एका माणसाला वाचून दाखवा ज्याला त्यातलं काही येत नाही, आणि त्यालाच परत सांगायला लावा. तो चुकला तर चूक तुमच्या लिखाणात शोधा. आकडे असतील तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. स्वतःची बेरीज स्वतःला नेहमी बरोबरच दिसते.

चार, पावती द्या. चूक झाली तर गुपचूप पुसू नका. काय चुकलं होतं आणि कधी सुधारलं, हे तिथेच लिहा. ज्याने चुकीचं वाचून पाऊल उचललं, त्याला ते कळण्याचा हक्क आहे.

पाच, तारीख घाला. ही मात्र आजच्या काळाची गरज. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. नेटवरचा जुना लेख मरत नाही. तारखेशिवायचं खरं वाक्य दहा वर्षांनी खोटं होऊन कुणाच्या तरी हाती लागतं.

एवढं करून सगळे वाचतील का? १८७९ चा अनुभव सांगतो, की नाही. पळवाटा निघतीलच. पण त्या कायद्यातलं पासबुक टिकलं, हेही तोच इतिहास सांगतो. आज ते नसलेल्या बँकेत आपण पैसे ठेवणार नाही.

त्या तरुणाला मी काय उत्तर दिलं, ते सांगून थांबतो. मी म्हणालो, "बाबा, कुणाचं ऐकायचं हे मी सांगितलं, तर तू पुन्हा माझंच ऐकशील. माझं ऐकून एका माणसाचे पैसे गेलेत. त्यापेक्षा जो सांगतोय त्याला तीन गोष्टी विचार : तुला यातून काय मिळतं, यात माझं किती बुडू शकतं, आणि हे तू मला लिहून देशील का?" तो म्हणाला, "सर, विचारलं तर ते ब्लॉक करतील."

मी म्हणालो, "मग तुला उत्तर मिळालं."